नावाच्या शेवटी 'पी' दिसला म्हणून: प्रतिकार पेशींतले स्यूडोजीन तपासायचे कसे

टी पेशींना उत्तेजन दिलं, आरएनए सीक्वेन्सिंग केलं, आधी-नंतरची तुलना मांडली आणि वाढलेल्या जनुकांची यादी उघडली, की त्यात पुष्कळदा चार-सहा चमत्कारिक नावं निघतात. आरपीएल-अमुक-पी, आरपीएस-तमुक-पी. शेवटी 'पी', म्हणजे स्यूडोजीन: जनुकासारखाच दिसणारा, पण बिघडून बंद पडलेला डीएनएचा तुकडा. पुस्तकी मराठीत छद्मजनुक. प्रोजेक्टला आलेला एमएस्सीचा विद्यार्थी अशा वेळी दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर ती नावं कचरा म्हणून गाळून टाकतो, नाहीतर 'प्रतिकारशक्तीत नवी भूमिका' असं शीर्षक मनात घोळवत रात्र जागून काढतो. घाई दोन्हीकडे आहे.

माझं म्हणणं एवढंच, की 'हा स्यूडोजीन करतो काय' हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, तो मेला कसा. दुसरा, जो आवाज ऐकू येतोय तो त्याचा स्वतःचा, की त्याच्या जिवंत भावंडाचा. हे दोन ओलांडल्याशिवाय तिसऱ्याकडे गेलात तर सहा महिने पाण्यात जातात. माझे गेले आहेत. पुढच्या पायऱ्या त्या सहा महिन्यांतूनच आल्या आहेत.

पायरी १: नाव सोडा, कुळी बघा

नावावर विसंबू नका. 'शेवटी पी किंवा पी आणि आकडा' असा शोध लावून यादी चाळलीत, तर सीएएमपी त्यात सापडेल. तो न्यूट्रोफिलमधलं कॅथेलिसिडिन बनवणारा, चांगला धडधाकट जनुक आहे. प्लेटलेटमधला पीपीबीपी अडकेल, पांढऱ्या पेशींमध्ये भरपूर असणारा एलसीपी१ अडकेल. उलट एनसीएफ१बी आणि एनसीएफ१सी हे दोन पक्के स्यूडोजीन नावात पी नसल्यामुळे सहीसलामत निसटतील. म्हणून जेनकोड या जनुकांच्या सूचीची फाइल घ्या आणि तिच्यात प्रत्येक जनुकाचा प्रकार लिहिलेला असतो तो रकाना वाचा. प्रतिपिंडांच्या आणि टी पेशी रिसेप्टरच्या जनुकांसाठी आयएमजीटी हा खास डेटाबेस बघा. तिथे प्रत्येक तुकड्यापुढे तो चालू आहे, वाचनचौकट (प्रथिनासाठी तीन-तीन अक्षरं वाचायची मांडणी) शाबूत असूनही शंकास्पद आहे, की स्यूडोजीन आहे, हे नोंदवलेलं असतं.

'स्यूडोजीन' हा शब्द १९७७ मधला. झेनोपस बेडकाच्या ५एस आरएनए जनुकांशेजारी तशीच दिसणारी पण अर्धवट प्रत सापडली, तिला हे नाव मिळालं. आज माणसाच्या जिनोममध्ये असे १४ ते १५ हजार मोजले आहेत. प्रथिनं बनवणारी जनुकं जेमतेम २० हजारांच्या आसपास. म्हणजे जिवंतांच्या गावाला लागूनच जवळपास तेवढीच मोठी स्मशानभूमी.

मरण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पहिली तऱ्हा प्रक्रिया झालेल्या प्रतींची. एखाद्या जनुकाचा तयार एमआरएनए लाइन-१ या उड्या मारणाऱ्या घटकाच्या एन्झाइमच्या तावडीत सापडतो, त्याचा उलटा डीएनए होतो आणि तो जिनोममध्ये कुठेतरी चिकटतो. इंट्रॉन (एमआरएनए तयार होताना कापून टाकले जाणारे मधले तुकडे) नाहीत, शेवटी ए-ए-ए ची शेपटी, आणि स्वतःचा प्रमोटर (जनुकाच्या तोंडाशी असलेला, ते चालू करणारा भाग) नाही. जी जनुकं बीजपेशींमध्ये सतत चालू असतात त्यांच्या अशा प्रती जास्त. रायबोसोमच्या प्रथिनांची जनुकं सुमारे ८०, त्यांचे स्यूडोजीन सुमारे २०००! तुमच्या यादीत आरपीएल-आरपीएस का दिसतात याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

दुसरी तऱ्हा दुप्पट होऊन बिघडलेल्यांची. जनुकाची अख्खी प्रत, इंट्रॉनसकट, शेजारीच तयार होते आणि मग सडते. प्रतिकारशक्तीच्या जनुककुळांत हीच तऱ्हा जास्त भेटते. पेशींची ओळख पटवणारी एचएलए, एनके या मारेकरी पेशींवरचे केआयआर रिसेप्टर, प्रतिपिंडांचे व्ही तुकडे ही सगळी कुळं दुप्पट होत होतच वाढली आहेत. वाढत्या घरात काही खोल्या पडीक राहणारच. एचएलए-एच, एचएलए-जे, एचएलए-के, एचएलए-एल, केआयआर२डीपी१ ही त्यांतली काही नावं.

तिसरी तऱ्हा एकट्याने मेलेल्यांची. यांची दुसरी जिवंत प्रत आपल्यात उरलेलीच नाही. उदाहरणं पुढे येतील, पण एक इथेच सांगतो, कारण ते मला फार आवडतं. आयआरजीएम हे जनुक आपल्या माकडपूर्वजांत अलू नावाच्या एका उड्या मारणाऱ्या तुकड्याच्या घुसखोरीने बंद पडलं. पुढे वानर आणि माणूस यांच्या समान पूर्वजात एका जुन्या रेट्रोव्हायरसचा तुकडा त्याच्यापुढे येऊन बसला आणि त्याने जनुक पुन्हा चालू केलं. आज ते आपल्या पेशींत जिवाणूंना गिळून पचवायच्या कामात आहे आणि क्रोन रोगाशी त्याचं नातं आहे. तेव्हा 'मेलेला' हा शिक्का पेन्सिलने मारावा.

आणि चौथे ते, जे काही माणसांत जिवंत आणि काहींत मेलेले असतात. त्यांच्यासाठी संदर्भ जिनोम पुरत नाही, समोरच्या माणसाचाच डीएनए बघावा लागतो.

करायचं काय, तर आपल्या उमेदवाराचा क्रम यूसीएससी जिनोम ब्राउजरच्या ब्लॅट या शोधसाधनात टाका. मूळ जनुक कुठल्या गुणसूत्रावर, साम्य किती टक्के, इंट्रॉन आहेत की नाहीत, बिघाड नेमका कुठे, आणि हा स्वतः दुसऱ्या कुठल्या जनुकाच्या पोटात तर बसलेला नाही ना, एवढं एका कार्डावर लिहा. हाताने. पुढे दर दोन दिवसांनी ते लागतं.

पायरी २: काम डीएनएचं, आरएनएचं, प्रथिनाचं, की नसण्याचं?

इथे बहुतेक जण थेट आरएनएकडे धावतात. म्हणून मी मुद्दाम कोंबडीपासून सुरुवात करतो.

१९५६ साली ओहायोत ब्रूस ग्लिक आणि टिमोथी चँग यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं: गुदद्वाराजवळची फॅब्रिशियसची पिशवी, म्हणजे बर्सा, काढून टाकलेल्या कोंबड्या प्रतिपिंडं नीट बनवत नाहीत. लेख छापून आला तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये, त्यामुळे प्रतिकारशास्त्रज्ञांच्या नजरेला पडायला वेळच लागला. बी पेशीतला 'बी' हा त्या बर्साचा.

आता कोंबडीची अडचण बघा. माणसाकडे प्रतिपिंडाच्या जड साखळीसाठी चालू स्थितीतले चाळीसेक व्ही तुकडे असतात. पेशी त्यांतला एक निवडते, त्याला डी आणि जे जोडते, आणि विविधता तयार होते. कोंबडीच्या हलक्या साखळीकडे चालू व्ही तुकडा एकच! जोडायला जे सुद्धा एकच. मग प्रत्येक कोंबडीचं प्रत्येक प्रतिपिंड सारखंच निघायला हवं. तसं होत नाही, कारण त्या एकुलत्या व्ही तुकड्याच्या मागे २५ स्यूडोजीन रांगेने उभे आहेत. बर्सामध्ये बी पेशी वाढताना एआयडी हे एन्झाइम चालू व्ही तुकड्यावर इजा करतं, आणि ती इजा भरून काढताना पेशी त्या स्यूडोजीनमधल्या एखाद्याचा तुकडा नमुना म्हणून वापरते. तुकडा चालू जनुकात उतरतो, स्यूडोजीन जागच्या जागी शाबूत राहतो. पुन्हा इजा, पुन्हा दुसरं ठिगळ. आजीच्या गोधडीसारखं: जुनेर अंगावर नेसता येत नाही, पण त्याचाच चौकोन गोधडीत बसतो. फरक इतकाच, की इथे जुनेर कापावं लागत नाही, त्याची नक्कल उतरते.

हे तपशिलात सांगायचं कारण असं, की या स्यूडोजीनना काम करायला आरएनए लागतच नाही. तुमच्या सीक्वेन्सिंगमध्ये ते शून्य दिसले तरी त्यांच्यावाचून कोंबडीची प्रतिकारशक्ती उभी राहत नाही. 'अभिव्यक्ती नाही म्हणजे भूमिका नाही' हे वाक्य प्रबंधात लिहायच्या आधी कोंबडी आठवा. हे सावट माणसातही थोडं आहे. मेंदूतल्या मायक्रोग्लिया या प्रतिकार पेशींवर माणसात सिग्लेक-११ हा रिसेप्टर असतो, चिंपांझीत तिथे तो आढळला नाही. आणि माणसाच्या सिग्लेक-११ जनुकाचा एक भाग शेजारच्या स्यूडोजीनवरून उतरवलेला आहे.

दुसरी शक्यता, नसणं हेच काम. जीजीटीए१ हे जनुक आपल्यात, वानरांत आणि जुन्या जगातल्या माकडांत बंद पडलं. ते पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखर बसवायचं. आपल्या अंगावर ती साखर नाही, आतड्यातल्या जिवाणूंवर मात्र तशीच असते. त्यामुळे आपल्या बी पेशी तिच्याविरुद्ध आयुष्यभर प्रतिपिंडं बनवत राहतात. डुकराचा अवयव माणसात बसवला की हीच प्रतिपिंडं तो काही मिनिटां-तासांत नासवतात. जानेवारी २०२२ मध्ये बाल्टिमोरला माणसात डुकराचं हृदय बसवलं, तेव्हा त्या डुकरातलं जीजीटीए१ आधी बंद केलेलं होतं. निसर्गाने आपल्यात जो स्यूडोजीन केला, तो प्रयोगशाळेने डुकरात केला.

कॅस्पेस-१२ ची गोष्ट याच जातीची, पण जास्त बोचरी. बहुतेक माणसांत त्यात मध्येच थांबा-संकेत आहे. पूर्ण लांबीची प्रत आफ्रिकी वंशाच्या साधारण पाचांतल्या एकात सापडते, आणि २००४ मधल्या अभ्यासात अशा लोकांच्या रक्तपेशी जिवाणूंच्या विषाला मंद प्रतिसाद देतात आणि त्यांना गंभीर सेप्सिसचा धोका जास्त, असं दिसलं. जनुक मेलं ते बरं झालं, असा हा प्रकार. मेलेली प्रत निवडीच्या जोरावरच पसरली, असा पुरावाही पुढे आला.

उंदरावर काम करणाऱ्यांनी इथे कान टोचून घ्यावेत. उंदरात टीएलआर११ हा जंतूंची चाहूल घेणारा रिसेप्टर टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचं प्रोफिलिन हे प्रथिन ओळखतो. माणसात टीएलआर११ हा स्यूडोजीन आहे. टीएलआर१० चं नेमकं उलटं: माणसात चालू, उंदरात रेट्रोव्हायरस घुसून मोडलेला. उंदरातला निष्कर्ष माणसाला लावण्याआधी दोघांकडे कोण जिवंत आहे ते बघायला दहा मिनिटं लागतात.

तिसरी शक्यता आरएनएची. लीथी हा उंदरातला, आरपीएस१५ए चा स्यूडोजीन. टीएनएफ-अल्फा हा दाहाचा संदेश मिळाला की त्याचा आरएनए वाढतो, दाहाची जनुकं चालू करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी मधल्या रेलए ला धरतो आणि त्याला डीएनएवर बसू देत नाही. दाहाला आवर घालणारा, म्हणून विस्मृतीच्या ग्रीक नदीचं नाव. २०१३ चं काम. दुसरं, २०१५ मधलं: बीआरएएफ चा स्यूडोजीन उंदरात जास्त प्रमाणात व्यक्त केला तर मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमासारखा आजार होतो, कारण तो मूळ बीआरएएफ च्या एमआरएनएवर बसून त्याला दाबणारे छोटे मायक्रोआरएनए स्वतःकडे ओढतो. कल्पना छान आहे. तिच्याबद्दलची माझी कुरकुर पायरी ५ मध्ये.

चौथी, प्रथिनाची, सगळ्यांत दुर्मीळ. तरी थीटा-डिफेन्सिनचं उदाहरण ऐकाच. रीसस माकडांच्या पांढऱ्या पेशींत हे गोल कड्यासारखं, १८ अमिनो आम्लांचं जंतुनाशक पेप्टाइड असतं. माणसाच्या अस्थिमज्जेत त्याचा एमआरएनए तयार होतो, पण सुरुवातीलाच थांबा-संकेत आहे. २००९ मध्ये असं दाखवलं गेलं, की तो अडसर दूर केला तर माणसाच्या मायलॉइड पेशींना ते कडं अजूनही वळता येतं, आणि अमिनोग्लायकोसाइड प्रतिजैविकांनी रायबोसोमला थांब्यावरून पुढे ढकललं तरी एचआयव्हीला रोखणारं पेप्टाइड मानवी पेशींत बनतं. कारखाना शाबूत, फाटकाला कुलूप.

तुमचा उमेदवार या चारांपैकी कुठे बसेल याचा एका ओळीचा अंदाज कार्डावर लिहा. पुढचा प्रयोग त्यावरून निवडायचा.

पायरी ३: आवाज कोणाचा

सहा महिने गेले ते इथे. मी सक्रिय टी पेशींत एक रायबोसोमी स्यूडोजीन बारापट वाढलेला दाखवत फिरत होतो. खरी गोष्ट अशी, की टी पेशी जागी झाली की ती आधी रायबोसोम बनवायला घेते. वाढायचं, विभागायचं म्हणजे प्रथिनं हवीत. मूळ आरपीएल जनुकांचा एमआरएनए चढतो. त्यातला एखादा रीड, म्हणजे वाचलेला छोटा तुकडा, सीक्वेन्सिंगच्या एका चुकीमुळे, किंवा त्या रक्तदात्याच्या स्वतःच्या एखाद्या बदलामुळे, मूळ जनुकापेक्षा स्यूडोजीनशी एका अक्षराने जास्त जुळतो आणि तिकडे मोजला जातो. लाखात काही. पण स्यूडोजीनचा आधीचा आकडा शून्याजवळ असल्यामुळे 'काही'सुद्धा बारापट दिसतं. वाढला होता तो बापच. नाव लेकाचं लागलं.

म्हणून हे करा. मूळ आणि स्यूडोजीन शेजारी-शेजारी मांडून ज्या जागी दोघांत फरक आहे त्या जागा खुणा करून घ्या. मग आयजीव्ही या रीड्स दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तुमचे रीड्स उघडा आणि त्या प्रत्येक जागेवर डोळ्याने बघा. खरा स्यूडोजीनचा आरएनए असेल तर एकाच रीडवरच्या सगळ्या फरकाच्या जागा स्यूडोजीनच्या बाजूने बोलतील. एक जागा इकडची आणि पुढची तिकडची असेल, तर तो रीड पाहुणा आहे. जुळणीचा दर्जाही बघा: रीड जुळवणाऱ्या स्टार प्रोग्रॅममध्ये एकाच जागी जुळणाऱ्या रीडला २५५ मिळतात, अनेक जागी जुळणाऱ्याला ३ किंवा त्याहून कमी. मोजणी करणारा फीचरकाउंट्स असे अनेक जागी जुळणारे रीड मूळ सेटिंगला मोजतच नाही; सॅमन आणि कॅलिस्टो ते हिशेबाने वाटून देतात. एकाच नमुन्यावर दोन्ही पद्धती चालवल्या आणि उत्तर फार वेगळं आलं, तर तो फरकच तुम्हाला सांगतोय की इथे गोंधळ आहे.

एकल-पेशी सीक्वेन्सिंगवाल्यांसाठी वेगळी सूचना. टेनएक्स कंपनीच्या २०२० च्या तयार मानवी संदर्भात प्रथिन-जनुकं, लांब नॉनकोडिंग आरएनए, आणि प्रतिपिंड व टी रिसेप्टरचे तुकडे, त्यांच्या स्यूडोजीनसकट, ठेवले आहेत. बाकीचे बहुतेक स्यूडोजीन यादीतच नाहीत. म्हणजे तुमच्या तक्त्यात तो दिसत नाही याचा अर्थ पेशीत नाही असा नव्हे. हजेरीपटावर नावच नाही, तर 'गैरहजर' कसं म्हणणार? हवा असेल तर संदर्भ स्वतः बांधा. आणि त्या पद्धतीत एमआरएनएचं फक्त एक टोक वाचलं जातं, त्यामुळे तुमच्या फरकाच्या जागा त्या टोकात येतात का, तेही आधी बघून घ्या. शंका मिटवायचीच असेल तर लांब रीड्स, नॅनोपोर किंवा पॅकबायो. एक रीड म्हणजे अख्खा आरएनए, वाद संपला.

एचएलएमध्ये तर ही भानगड दुप्पट. तिथे माणसागणिक क्रम बदलतो, आणि एखाद्याचा एचएलए-ए संदर्भातल्या एचएलए-ए पेक्षा एचएलए-एच ला जवळचा वाटू शकतो. आधी त्या माणसाचं एचएलए टायपिंग करा, त्याच्याच क्रमावर रीड्स जुळवा, मग बोला.

आता क्यूपीसीआर, म्हणजे एखाद्या आरएनएची डीएनए प्रत (सीडीएनए) करून ती वाढवत मोजणं. 'प्रायमर इंट्रॉन ओलांडणारा घ्या, म्हणजे डीएनएची भेसळ दिसणार नाही' हे आपल्याला पहिल्या वर्षापासून पाठ. प्रक्रिया झालेल्या स्यूडोजीनला इंट्रॉनच नसतात! त्यामुळे डीएनएची भेसळ असेल तर त्याच्यावरून नेमक्या सीडीएनएच्याच लांबीचा तुकडा वाढतो, मेल्ट कर्व्हही शहाण्यासारखा एकच शेंडा दाखवतो. जीएपीडीएच आणि बीटा-ॲक्टिन, म्हणजे आपली घरगुती मोजपट्टी, दोघांचेही असे स्यूडोजीन डझनांनी आहेत. रक्तपेशींत ओसीटी४ हे मूलपेशींचं जनुक सापडल्याच्या काही बातम्यांमागेही त्याचे स्यूडोजीनच निघाले. तेव्हा आरएनएला डीएनेज द्या, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली नळी प्रत्येक नमुन्यासाठी ठेवा. पूर्ण प्लेटला एक नव्हे, प्रत्येक नमुन्याला. प्रायमरचं ३' टोक फरकाच्या अक्षरावर बसवा. आणि निघालेला तुकडा एकदा सँगर सीक्वेन्सिंगला पाठवा. त्याचा खर्च एका अँटिबॉडीच्या मानाने चिल्लर आहे.

पायरी ४: पेशी तीच ना?

ही पायरी छोटी आहे, पण गाळू नका. लीथीचं मूळ काम उंदराच्या गर्भातल्या फायब्रोब्लास्टवर झालं. फायब्रोब्लास्ट दाहात भाग घेतो, पण तो प्रतिकार पेशी नव्हे. 'प्रतिकार पेशींतला स्यूडोजीन' म्हणून लेख वाचताना साहित्य-पद्धतीचा परिच्छेद आधी वाचायची सवय लावून घ्या. निम्म्या वेळा पेशी हेला किंवा एचईके, म्हणजे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेली, निघते. स्वतःच्या कामात रक्तातल्या मिश्र पांढऱ्या पेशींवर थांबू नका. सॉर्टरवर टी, बी, एनके आणि मोनोसाइट वेगळे करा, उत्तेजनानंतर ०, २, ६, २४ तासांना नमुने घ्या, आणि प्रत्येक वेळी मूळ जनुक सोबत मोजा. दोघांचे आलेख कायम हातात हात घालून चालले तर पायरी ३ वर परत जा.

पायरी ५: मोडून बघा, आणि मोजून बघा

एखाद्या जनुकाचा आरएनए तोडणारा छोटा एसआयआरएनए घातलात आणि तो मूळ जनुकालाही लागला, तर दिसलेला परिणाम मूळ जनुक दबल्याचा. साम्य ९५ टक्क्यांच्या पुढे असेल तर २१ अक्षरांचा वेगळा तुकडा शोधायला घाम फुटतो. कॅस९ या डीएनए-कात्रीने कापून दोन-चार अक्षरं उडवायची सवयही इथे कामाची नाही. त्याने वाचनचौकट मोडते, आणि आरएनए म्हणून काम करणाऱ्याची चौकट मोडून त्याचं काय बिघडणार? क्रिस्प्रआयने, म्हणजे न कापता जनुक गप्प करणाऱ्या पद्धतीने, सुरुवातीची जागा दाबा, किंवा दोन गाइड लावून तो अख्खा तुकडाच काढा. क्रिस्प्रआय करताना मात्र कार्ड काढा: स्यूडोजीन दुसऱ्या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये बसला असेल तर घरमालकही गप्प होईल.

मग परत देऊन बघा. बाहेरून स्यूडोजीनचा आरएनए दिल्यावर परिणाम परत आला पाहिजे, आणि मायक्रोआरएनएच्या जागा मोडलेली प्रत दिली तर येता कामा नये.

आणि आता ती कुरकुर. 'मायक्रोआरएनए ओढून घेतो' हा दावा २०१० मध्ये पीटेन जनुकाच्या पीटेनपी१ या स्यूडोजीनपासून गाजला आणि मग प्रत्येक स्यूडोजीनला तोच अंगरखा चढवला गेला. हिशेब कोणी करत नाही. समजा, पेशीत त्या मायक्रोआरएनएला बसायला एकूण एक लाख जागा आहेत आणि तुमच्या स्यूडोजीनच्या प्रती दहा. जागा वाढल्या ०.०१ टक्का. दर्यात खसखस. उत्तेजन न मिळालेल्या टी पेशीत तर आरएनए एकूणच कमी. म्हणून जास्त व्यक्त करून मिळालेल्या परिणामाआधी डिजिटल पीसीआरने दर पेशीला प्रती किती ते मोजा. हजारांत असतील तर मीही ऐकतो.

मॅकोरिन१-पी१ चं उदाहरण डोळ्यांपुढे असू द्या. २००३ मध्ये 'स्यूडोजीन मूळ जनुकाच्या एमआरएनएला सांभाळतो' असा उंदरातला निष्कर्ष मोठ्या थाटात आला. २००६ मध्ये दुसऱ्या गटाने तो खोडून काढला. त्यांच्या मते तो स्यूडोजीन व्यक्तच होत नव्हता. पायरी ३.

पायरी ६: समोर रुग्ण असेल तर

आतापर्यंतचं तंत्र प्रयोगशाळेतलं झालं. पण एक स्यूडोजीन असा आहे की तो माहीत नसेल तर मूल निदानावाचून राहतं.

लहान मूल, वारंवार गळू, यकृतात पू, कधी ॲस्परजिलसचा न्यूमोनिया. डॉक्टर डीएचआर चाचणी करतात: न्यूट्रोफिलना पीएमए हे रसायन देऊन जागं करायचं, जंतू मारायला लागणारं एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम नीट असेल तर डायहायड्रोऱ्होडामाइन चमकायला लागतं आणि फ्लो सायटोमीटरवर शेंडा उजवीकडे सरकतो. इथे तो थोडासाच सरकतो. निदान क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. एक्झोम, म्हणजे प्रथिनांचा संकेत असलेल्या सगळ्या भागांचं (एक्झॉनचं) सीक्वेन्सिंग, पाठवतात. अहवाल कोरा.

कोरा का? सातव्या गुणसूत्रावर एनसीएफ१, एनसीएफ१बी आणि एनसीएफ१सी असे तिघे ९८ टक्क्यांहून जास्त सारखे भाऊ आहेत. खऱ्या जनुकात दुसऱ्या एक्झॉनच्या सुरुवातीला जीटीजीटी अशी चार अक्षरं. दोन्ही स्यूडोजीनमध्ये फक्त जीटी. दोन अक्षरं गेली, चौकट सरकली, त्या ऑक्सिडेजचा भाग असलेलं पी४७फॉक्स प्रथिन गेलं. रुग्णांत बहुतेक वेळा घडतं ते असं, की स्यूडोजीनचा तो भाग खऱ्या जनुकावर उतरतो. कोंबडीत जी नक्कल वरदान, तीच इथे घात. आणि एक्झोमचे छोटे रीड्स तिघांपैकी कोणाचे ते संगणकाला कळत नाही, दर्जा शून्य मिळतो, ते गाळले जातात.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. तिघांवरही चालणारा प्रायमर घेऊन दुसरा एक्झॉन वाढवा आणि तुकड्यांची लांबी कॅपिलरीवर मोजा. दोन अक्षरांच्या अंतरावर दोन शेंडे दिसतात. निरोगी माणसात जीटीजीटी २ आणि जीटी ४, म्हणजे शेंड्यांचं प्रमाण १:२. वाहकात १:५. रुग्णात जीटीजीटीचा शेंडाच नाही. एक खाचखळगा: काही निरोगी लोकांत एखाद्या स्यूडोजीनमध्येच जीटीजीटी असतं, त्यामुळे प्रमाण १:१ सुद्धा निघतं, अशा घरातला वाहक निरोगी वाटू शकतो. म्हणून आई-वडिलांचे नमुने सोबत घ्या आणि पी४७फॉक्स प्रथिन फ्लोवर रंगवून बघा. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांसाठी सांगायचं तर परळला केईएमच्या आवारात असलेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी अशा जन्मजात प्रतिकारदोषांवर काम करते. अहवाल कोरा आला म्हणून फाइल बंद करण्यापेक्षा तिथे विचारावं.

याच सारखेपणामुळे एनसीएफ१ मधला ल्युपस या स्वप्रतिकार रोगाशी जोडलेला एक बदल, ९० व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन, मोठ्या जिनोम-सर्वेक्षणांच्या चाळणीतून सुटत राहिला. तो ठामपणे पुढे आला २०१७ मध्ये.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका गटाने प्रश्न उलटा धरला. रुग्णाच्या पेशीत खरं जनुक मोडलंय, पण तिन्ही प्रतींत बिघाड एकाच जागी आहे. मग दुरुस्ती खऱ्याच जनुकात व्हावी असा हट्ट कशाला? त्यांनी जिंक फिंगर कात्रीने दुसऱ्या एक्झॉनशी कापून तिथे पुढचा सगळा चांगला क्रम बसवला. कुठे तो एनसीएफ१ मध्ये बसला, कुठे एनसीएफ१बी किंवा सी मध्ये. जिथे फक्त स्यूडोजीन दुरुस्त झाला होता, त्या पेशींपासून वाढवलेल्या न्यूट्रोफिलमध्येही पी४७फॉक्स तयार झालं आणि ऑक्सिडेज चालू झालं.

तुमच्या कार्डावर 'प्रमोटर' असा एक रकाना वाढवा. एनसीएफ१बी आणि सी च्या पुढे तिथे 'शाबूत' असं लिहायचं आहे.